तळ्यातलं भूत हातमोज्यावर!

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक काढा बघू. युरोपच्या नकाशात वरच्या बाजूला नॉर्वे नावाचा लांबुळका देश सापडेल. त्याच्या किनाऱ्यावर ट्रॉनहाइम शहर शोधा. तिथून मोटारीने साधारण तासाभराच्या वाटेवर, एका मोठ्या तळ्याकाठी सेल्बू नावाचा गाव आहे. आज आपल्याला तिथे जायचंय.

जायचंय, पण स्वेटर, टोपी, मफलर सगळं चढवून! डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी दहाच्या सुमाराला उगवतो आणि दुपारी अडीचला मावळतोसुद्धा. पूर्वी इतक्या लांब रात्री लोक करत काय असतील? तर शेकोटीपाशी बसून विणत असत.

१८५७ सालची गोष्ट. सेल्बूत मारित नावाची एक मुलगी होती. वय अवघं पंधरा-सोळा. लोकांच्या शेतावर कामाला जायची. तिने काळ्या-पांढऱ्या लोकरीचे हातमोजे विणले आणि त्यांच्यावर आठ पाकळ्यांचं फूल काढलं. असे हातमोजे घालून ती आणि तिच्या बहिणी चर्चमध्ये गेल्या, तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातांवरच खिळल्या, असं सांगतात. मग काय, घरोघरी तसे हातमोजे विणायला सुरुवात झाली. १९३४ साली गावात विणकामाच्या विक्रीसाठी संस्था निघाली. त्या दशकात तर वर्षाला लाखाच्या घरात जोड विकले जात. शेतीवर भागत नसलेल्या कितीतरी घरांना या सुयांनी हात दिला. तिथल्या संग्रहालयात आजही असे हातमोजे बघायला मिळतात.

आता गंमत ऐका. ही नक्षी मागून भरलेली नसते, विणतानाच उमटते. दोन रंगांच्या दोन लोकरी एकाच वेळी चालतात. टाका पांढरा असेल तेव्हा काळी लोकर नुसती मागून पुढे सरकते, काळा असेल तेव्हा पांढरी सरकते. त्यामुळे हातमोजा दुहेरी जाड होतो, आत हवा अडकून राहते आणि हात ऊबदार राहतो. म्हणजे नक्षी नुसती शोभेची नाही बरं का!

पण यात एक अडचण आहे. समजा, सलग दहा टाके काळे आले, तर तितका वेळ पांढरी लोकर मागे लोंबकळत राहणार. हातमोजा घालायला गेलात की त्यात बोट अडकलंच! बोट अडकलं की धागा ओढला जातो आणि नक्षी आक्रसते. म्हणून विणणाऱ्यांचा साधा हिशेब असतो : एका रंगाचे सलग चार-पाच टाके झाले की दुसऱ्या रंगाला बोलवायचं. सेल्बूच्या हातमोज्यांच्या तळव्यावरही बारीक नक्षी का असते, ते आता कळलं ना? फूल मागच्या बाजूला असलं तरी दोन्ही लोकरींना हाताला पूर्ण वळसा घालावा लागतो.

नॉर्वेच्या दक्षिणेला सेतेस्दाल नावाचं खोरं आहे. तिथल्या प्रसिद्ध काळ्या स्वेटरवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. त्या ठिपक्यांना ते लोक काय म्हणतात माहीत आहे? उवा! नाव ऐकून डोकं खाजवू नका. आपल्या पुढच्या कामात या उवाच उपयोगी पडणार आहेत.

कारण आता आपण भूत काढणार आहोत. नॉर्वेच्या लोककथांत ‘न्योक’ नावाचं एक पाण्यातलं भूत असतं. तिन्हीसांजेला तळ्याकाठी कोणी आलं की ते आत ओढतं म्हणे. आपल्याकडे विहिरीत वाकून बघणाऱ्या पोरांना साती आसरांचं भय घालतात ना, तसंच. त्याचं नाव मोठ्याने घेतलं, की त्याची शक्ती संपते असंही सांगतात. थिओडोर किट्टेल्सन या चित्रकाराने १९०४ साली त्याचं चित्र काढलं. काळोखं तळं, पाण्यावर आलेलं काळं डोकं आणि त्यात दोन पांढरे डोळे. बस्स!

काळ्या-पांढऱ्या हातमोज्याला याहून झकास भूत कुठलं?

गणिताच्या वहीतला आलेख कागद घ्या. एक घर म्हणजे एक टाका. चार घरं रुंद आणि पाच घरं उंच असे दोन डोळे काढा आणि दोन्हींच्या मध्ये चार घरं मोकळी सोडा. टाका रुंदीपेक्षा किंचित बुटका असतो, म्हणून डोळा कागदावर जरा उभट काढला, तर विणल्यावर गोल दिसतो. बुबुळासाठी मधली दोन घरं काळी करा.

आता डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना बघा. काळोखच काळोख, आणि त्यामागे लोंबकळणारी पांढरी लोकर! इथे उवांना बोलवा. डोळ्यांच्या ओळींत, तळव्याच्या बाजूलाही, दर चार काळ्या घरांनंतर एक पांढरा ठिपका द्या. खालच्या ओळीतला ठिपका वरच्या ओळीत दोन घरं सरकवा, म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीसारखी नक्षी जमेल. तुम्हाला हव्या होत्या लोकर अडकवणाऱ्या उवा, पण बघणाऱ्याला दिसेल पाण्यावरचं चांदणं! ज्या ओळीत पांढरं मुळीच नाही, तिथे मात्र पांढरी लोकर खुशाल विश्रांती घेईल.

अशीच वटवाघळं, घुबडं, मुंज्या, हडळ काढून बघा. हडळीच्या मोकळ्या केसांत चार-दोन पांढरी फुलं माळायला विसरू नका. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

कागद तयार झाला, की घरात विणणारं कोण आहे ते शोधा. आई, आजी, मावशी, नाहीतर शेजारच्या काकू. पहिल्यांदाच करत असाल तर हातमोज्याऐवजी गोल टोपी विणायला सांगा. तिला अंगठ्याची कटकट नाही. आणि त्यांच्या शेजारी बसून दोन सुया स्वतःही हातात घ्या. मारितही तुमच्याएवढीच होती!