कुंडीतली तुळस

दहावीनंतर शाळा सुटली, पण वाचायचा नाद काही सुटला नाही. दोन वर्षांमागं आमच्या हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टीव्ही बंद. ती कंटाळू नये म्हणून सूनबाईनं तालुक्याच्या वाचनालयातनं एक कादंबरी आणली. एमिली ब्राँटे या इंग्रज बाईची ‘वदरिंग हाइट्स’, मराठीत केलेली. मूळ 1847 सालची. रात्री जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायचो, आणि ही हाताच्या सवयीनं वाती वळत ऐकायची.

मुलूख इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा, पण वाचताना आमचा माण तालुका आठवावा. झाडं थोडी, वारा उदंड. फरक एवढाच की तिथं पावसाला तोटा नाही. माळाच्या कडेला, पाद्री बापाच्या घरात ही बाई वाढली. त्यामुळं प्रेमाबद्दल लिहितानाही तिच्या उपमा दाराबाहेरच्याच.

हीथक्लिफ हा अनाथ पोर कॅथरिनच्या घरी वाढतो. दोघांचा एकमेकांवर जीव. पण ती लग्न ठरवते सधन, सभ्य एडगरशी. घरातल्या नेलीला ती मनातलं सांगते, की एडगरवरचं माझं प्रेम रानातल्या पाल्यासारखं आहे, दिवस पालटले की पालटेल. हीथक्लिफवरचं मात्र जमिनीखालच्या खडकासारखं, डोळ्याला सुख नाही पण त्यावाचून भागायचं नाही.

इथं माझा आवाज अडकला.

लग्नाआधी माझं मन दुसरीकडं गुंतलं होतं. जात आडवी आली आणि 1983 साली वडलांनी हिला सून करून आणली. पहिली दोन-तीन वर्षं मी घरात धड बोललो नाही. तेव्हा विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंगालाही दाद न देणारा कातळ बघितला की वाटायचं, आपल्या आत असंच काहीतरी हाय. ही कृष्णाकाठची पोर. इथं येऊन लांबनं हंडे वाहत होती, आणि मी आपला कातळ कुरवाळत बसलेलो.

“थांबलात का? वाचा की,” ही म्हणाली.

पुढं कॅथरिन आजारी पडते आणि हीथक्लिफ नेलीपाशी एडगरला हिणवतो. त्याच्या उथळ काळजीनं ती सावरेल म्हणणं म्हणजे कुंडीत ओकचं झाड लावून ते फोफावेल म्हणणं. तिची सगळी माया एकट्या एडगरला पुरती मिळणं म्हणजे घोड्याच्या हौदात समुद्र मावणं.

“ओक म्हणजे आपल्या वडासारखं दांडगं झाड,” मी हिला समजावलं. “काय बोललाय गडी!”

ही वात वळत राहिली. मग म्हणाली, “वड न्हाई येत कुंडीत, खरं हाय. पण तुळस येती की. आन् समुद्राचं पाणी कुठल्या जनावराला चालतंय? त्याला हौदच लागतो.”

मी गप्प. 2012-13 चा दुष्काळ डोळ्यांपुढं आला. तीन जनावरं घेऊन ही चारा छावणीत राहिली होती, खोपीत, पाच महिने. मी घरी म्हाताऱ्या आईपाशी. भाकरी घेऊन गेलो की ही हौदापाशीच दिसायची. टँकर यायचा, गर्दी व्हायची. म्हैस पाणी पिऊन मान वर करीपर्यंत ही जागची हलायची नाही.

पुस्तक मिटून मी विचारलं, “तुला त्या पोरीचं ठावं होतं व्हय?”

“लग्नाच्या आधीच. आत्यानं सांगितलं हुतं.”

“मग कधी बोलली न्हाईस?”

“बोलून काय झालं असतं? म्होरं वाचा. त्या कॅथरिनचं काय झालं?”

वाचलं. मुलीला जन्म देऊन कॅथरिन मरते. हीथक्लिफ पुढं कितीतरी वर्षं तिच्या ओढीनं जळत राहतो आणि भोवतालच्यांनाही जाळतो. एडगर मात्र ती आईविना लेक मायेनं वाढवतो.

तेवढा भाग हिनं मला दोनदा वाचायला लावला.