शोकेसमधली क्रेन

आमच्या घरी येणारा पाहुणा जयभीम करून खाटेवर टेकला, की त्याची नजर प्रथम जाते ती बाबासाहेबांच्या तसबिरीकडे आणि मग तिच्याखालच्या शोकेसकडे. शोकेसमध्ये पुस्तके आहेत, मुलांना शाळेत मिळालेल्या ढाली आहेत आणि एक पिवळी क्रेन आहे. खालचा गाडा वीतभर, बूम मात्र हातभर लांब. 1998 साली आमचे वडील, तात्या, गोदीतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या पाळीतल्या सतरा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून ती भेट दिली. गाड्याच्या पोटाला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सतरा जणांच्या सह्या आणि दोन अंगठे. म्हणजे माणसे एकोणीस झाली, पण तात्या अजून सतराच म्हणतात. दोन अंगठे कोणाचे, हे ते सांगत नाहीत.

तात्या मुंबई बंदरात क्रेन ड्रायव्हर होते. 1914 साली बांधून झालेल्या, पूर्वी अलेक्झांड्रा आणि पुढे इंदिरा डॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोदीच्या धक्क्यावर रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनी असत. त्यांच्या उंच केबिनमध्ये त्यांची तेहतीस वर्षे गेली. 1989 साली न्हावा शेवाचे बंदर सुरू झाले, डब्याबंद माल तिकडे वळत गेला आणि गोण्या उचलणाऱ्या क्रेनींचे काम रोडावले. तात्यांनी आपली पाळी शेवटपर्यंत केली.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. तात्यांचे काम म्हणजे नेमके काय, हे आम्हाला कधी कळले नव्हते. शेजारच्या मुलांचे वडील पाठीवर गोण्या वाहत. त्यांच्या पाठी सोललेल्या आम्ही पाहिल्या होत्या. आमचे वडील खुर्चीत बसून दांडे ओढतात एवढेच आम्हाला ठाऊक. सोळाव्या वर्षी कसल्याशा भांडणात आम्ही त्यांना तोंडावर म्हणालो, "तुम्हाला काय, बसून पगार मिळतो." त्यांनी काही उत्तर दिले नाही. जेवून हात धुतले आणि रात्रपाळीला निघून गेले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या कन्येने विषय काढला. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे आणि नोकरीच्या शोधात घरी आहे. ती म्हणाली, "आजोबांची क्रेन नुसती उभी का? रिमोटवर चालवूया." आम्ही जन्मभर वायरमनचे काम केलेले, त्यामुळे हात शिवशिवलेच, पण भीती वाटली. वस्तू आमची नाही, तात्यांची. त्यांना विचारले तर म्हणाले, "ती काय माझी क्रेन हाय होय? माझी रुळावरची. ही चेनपट्ट्यावरची. बाजारात जी गावली ती पोरांनी आणली. करा काय करायचं ते. कागदाला हात लावू नका."

कागदाला हात लावायचा नाही, या एका अटीने पुढचे सगळे ठरवले. गाड्याला खालून भोक पाडायचे नाही, म्हणजे चेनपट्टे चालवण्याचा विचार सोडावा लागला. राहिल्या तीन हालचाली: हूक वर-खाली, बूम वर-खाली आणि वरचे घर गोल फिरणे. तिन्ही मोटरी, बॅटरी आणि रिसीव्हर वरच्या घरातच बसवायचे ठरले. यात एक फायदाही निघाला. फिरत्या सांध्यातून वायर न्यायची नाही, म्हणजे क्रेन कितीही वेळा फिरली तरी वायर पिळणार नाही.

घर उघडणे हेच मोठे काम होते. अशा मॉडेलचे अंग जस्ताच्या ओतकामाचे असते आणि स्क्रूऐवजी रिबीट मारलेले असते. रिबीटचे डोके हातड्रिलने हळूहळू खाल्ले, तेव्हा वरचा भाग सुटला. पुढे त्याच भोकांत आटे पाडून दोन मिलिमीटरचे स्क्रू बसवले. त्या दुपारी तात्या बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. ड्रिलचा आवाज थांबला की मान वळवून आत बघत.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आणले. बोटाच्या पेराएवढ्या गिअरवाल्या मोटरी मिळतात, त्यांना दुकानदार 'एन ट्वेन्टी' म्हणतात. जाडी 10 मिलिमीटर, रुंदी 12. त्यांत गिअरचे प्रमाण बघून घ्यावे लागते, आणि इथे आम्ही चुकलो. जोरात फिरणारी घेतली. पहिल्याच चाचणीत हूक असा सुसाट वर गेला, की बूमच्या टोकाला आपटून दोरा तुटला आणि कप्पी उडून भांड्यांच्या मांडणीखाली गेली. आई म्हणाली, "तेहतीस वर्षांत ह्यांच्या हातून असं झालं नाही." मग मिनिटाला तीसच फेऱ्या घेणारी मोटर आणली. या गिअरांचा दुसरा गुण असा, की वीज बंद केली तरी हलका भार आपोआप खाली घसरत नाही. खऱ्या क्रेनला हे काम ब्रेक करतो. वीज असेल तोवर तो उघडा राहतो, वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने आवळला जातो. तात्यांनी सांगितले, की एकदा गोण्यांची जाळी अधांतरी असताना वीज गेली आणि ते तास-दीड तास वर बसून होते. खाली कोणालाही जाळीच्या सावलीत येऊ दिले नाही.

फिरण्यासाठी जुन्या प्रिंटरमधले दातेरी चाक गाड्यावर वरून चिकटवले. घरातल्या उभ्या मोटरीचे छोटे चाक त्याला धरून स्वतःच भोवती फिरते आणि घराला फिरवते. बॅटरी मागच्या टोकाला ठेवली. खऱ्या क्रेनला मागे लोखंडी वजन असते, इथे ते काम बॅटरीने केले. ही बॅटरी लिथियमची, 3.7 व्होल्टची. ज्यांच्या घरी मुले असले उद्योग करतात त्यांना एक सांगतो: ती रात्री चार्जिंगला लावून झोपू नये आणि फुगलेली दिसली तर मोह न करता बाद करावी.

सगळे जोडले आणि क्रेन दोन हातांवरून ऐकेना. रिमोट जवळ नेला की चाले, लांब गेले की थांबे. आम्ही दोन दिवस सोल्डर तपासत बसलो. कन्येच्या लक्षात आले, की चारी बाजूंनी धातू आहे, आत लहर पोहोचणार कशी? रिसीव्हरची तार, तीन सेंटिमीटरची, केबिनच्या प्लॅस्टिकच्या खिडकीतून बाहेर काढली. मग क्रेन जिन्यावरूनसुद्धा ऐकू लागली.

खरी अडचण पुढे आली. रिकामा हूक वर जाई, खाली येईना. मोटर दोरा सोडी आणि दोरा ड्रमवरच फुगून बसे. आम्ही कप्प्यांना तेल दिले, दोरा बदलून मासे धरायचा विणलेला बारीक दोरा घातला. थोडा फरक पडला. तात्या खाटेवरून तीन दिवस बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "हुकाच्या वर गोळा कुठाय?" आम्हाला कळेना. तेव्हा ते बोलू लागले. खऱ्या क्रेनच्या हुकावर लोखंडाचा जड गोळा असतो. बघणाऱ्याला वाटते शोभेचा. पण लांब दोराचे स्वतःचे वजन आणि कप्प्यांची ओढ यांच्याविरुद्ध रिकामा हूक खाली आणतो तो गोळाच. आमच्या मॉडेलची प्रत काढणाऱ्याने तो बारीक दाखवला होता. वजन तर नव्हतेच.

कन्येने वहीत हिशोब मांडला. मॉडेल पन्नासाव्या हिश्श्याचे. लांबी पन्नासपट कमी, पण वजन पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाख पटींनी कमी. तीन टनांचा भार इथे 24 ग्रॅमचा होतो. कप्पीची अडकण मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून लहान क्रेनला प्रमाणाबाहेर जड हूक लागतो. मोटारच्या चाकाला लावतात त्या शिशाच्या पट्टीचा तुकडा गुंडाळून गोळा केला, वरून काळा रंग दिला. हूक सरळ खाली आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तात्या म्हणाले, "विचारायचं होतं पहिल्याच दिवशी."

आता रिमोट त्यांच्या हाती दिला. दांड्यांशेजारी कन्येने कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. खलाशांच्या बोलीत उचलायला 'हाबेस' आणि सोडायला 'आरिया', तेच शब्द. तात्यांनी त्या वाचल्या, हसले. हुकाला 24 ग्रॅमचे नट बांधले होते. ते उचलून खाली ठेवलेल्या स्टीलच्या वाटीत ठेवायचे. तात्यांनी उचलले, फिरवले, आणि भार असा झुलू लागला की वाटीच्या दोन्ही बाजूंना आपटे. त्यांनी सावरायला दांडा हलवला, झोका आणखी वाढला. पुन्हा केले, पुन्हा तेच. रिमोट खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "हात गेला माझा."

तीन आठवडे त्यांनी क्रेनकडे पाहिले नाही. आम्हाला फार लागले. आपण त्यांची वस्तू फोडली आणि वर त्यांनाच हरवले, असे वाटत राहिले.

उलगडा झाला तो पुन्हा वहीत. झोका किती वेळात जाऊन येतो हे दोराच्या लांबीवर असते. धक्क्यावर पंधरा मीटर दोर मोकळा असला, तर एका झोक्याला पावणेआठ सेकंद लागतात. मॉडेलच्या तीस सेंटिमीटर दोऱ्याला लागतो जेमतेम एक सेकंद. तात्यांचा हात गेला नव्हता. तो पावणेआठ सेकंदांच्या तालावर चालत होता, आणि क्रेन सातपट घाईत होती.

कन्येने हे आजोबांना सांगितले आणि विचारले, "तुम्ही झोका कसा मारत होता?" तात्या उठून बसले. "मारायचा नाय. होऊच द्यायचा नाय." फिरवायला लागताना दांडा एकदम टाकायचा नाही, चढवत चढवत न्यायचा. दोर किती सुटलाय बघून मनात आकडे मोजायचे. भार मागे पडतो, पडू द्यायचा. तो पुढे येऊन बूमच्या बरोबर खाली आला त्याच क्षणी वेग पुरा झालेला पाहिजे. थांबतानाही तसेच. हॅचमध्ये खाली माणसे उभी असतात, डोक्याच्या जागा बघून भार उतरवायचा, आणि त्या माणसांना ड्रायव्हर दिसतही नाही. सिग्नलवाल्याच्या हाताकडे डोळे, दोराकडे मन. पाळी संपली की मान वळत नसे.

हे सगळे ते सहज सांगत होते आणि आम्ही हातात सोल्डरिंगची इस्त्री धरून तसेच उभे होतो.

कन्येने पुस्तकात पाहिले तर तेच: वेग एकसारखा वाढवत बरोबर एका झोक्याइतका वेळ घेतला, की शेवटी झोका उरत नाही. तिने रिसीव्हर आणि मोटर यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड बसवला. दांडा कितीही जोरात टाका, बोर्ड वेग हळूहळू चढवतो. नट वाटीत पहिल्या प्रयत्नात गेले, आमच्या हातूनसुद्धा. ती आनंदाने आजोबांकडे बघू लागली.

तात्या म्हणाले, "मग मी काय करायचं?"

त्याला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने रिमोटवरच्या एका बटनावर ती सोय टाकली. बटन खाली तर बोर्ड सांभाळणार, वर तर सगळे हातावर. तात्या बटन वर करून बसतात. दुपारी चहा झाला की अर्धा तास. ओठ हलत असतात, आकडे मोजतात, फक्त पूर्वीपेक्षा भरभर. सुरुवातीला दहात एकदाही जमेना. आता तीन-चार वेळा जमते. नट वाटीला न लागता तळाशी टेकतात, आवाज होत नाही. आम्ही बटन वर करून पुष्कळ प्रयत्न केला. आमचे एकदाही जमलेले नाही. परवा आमची वाटी चौथ्यांदा वाजली, तेव्हा तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "बसून पगार मिळतो."

आम्ही रिमोट त्यांच्याकडे दिला.

गोल फिरण्याच्या चाकात अजून थोडी ढिलाई आहे, थांबल्यावर बूम केसभर हलते. रबराचा वायसर घालून पाहिला, पुरेसे झाले नाही. तात्यांचे म्हणणे वेगळेच आहे. क्रेन रुळावर पाहिजे. गाड्याखाली, कागदाला धक्का न लावता, चार चाकांची चौकट करायची आणि शोकेसच्या लांबीचे रूळ घालायचे. कन्येने हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या पट्टीचा भाव विचारून ठेवला आहे.