खमंगच्या पुढे

परवा गम्बोचा रू करपला. मैदा आणि तेल समसमान, बिडाचं पातेलं, चाळीस मिनिटं ढवळणं आणि दारात कुरियरवाला. परत येते तो तेलात काळे ठिपके. अशा रूला वाचवता येत नाही. कोळंबी, खेकडे, कालवं, काहीही घाला, गम्बो, म्हणजे लुइझियानाचं ते दाट कालवण, कडूच. टाकून दिला. पडद्यांना अजून वास आहे.

त्या वासाबरोबर लुइझियानातल्या लाफायेतच्या शेजारच्या आजी येतात. त्या रू ढवळत होत्या आणि फोन वाजत होता. जागच्या हलल्या नाहीत. ‘‘शा, तू घे.’’ शा म्हणजे बाळ, राणी, काहीही. पलीकडून फ्रेंच. मला ओ की ठो कळेना. ‘‘सांग, रू चाललाय,’’ आजी गॅसपासून ओरडल्या. मी नुसतं ‘‘रू’’ म्हटलं. पलीकडच्या बाईंनी मुकाट्याने फोन ठेवला.

आजी केजन, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांपैकी. 1755मध्ये ब्रिटिशांनी केजनांच्या पूर्वजांना नोव्हा स्कोशियातून जहाजांत कोंबून हाकललं. त्यातले काही पुढे लुइझियानात पोचले. गम्बो हा शब्द मात्र आफ्रिकेतल्या बांटू भाषांतला, अर्थ भेंडी. तो गुलामांबरोबर आला. वरून घालायची सासाफ्रासच्या पानांची पूड चोक्टॉ लोकांची. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची या तिघांना केजन लोक ‘ट्रिनिटी’ म्हणतात. एवढं सगळं मी नणंदेला सांगितलं. तिने चमचाभर चाखून विचारलं, ‘‘म्हणजे आमटीच ना?’’ वीस वर्षं झाली. ती आली की मी पिझ्झा मागवते.

तर तो फोन. आजी फक्त बहिणीशी फ्रेंच बोलत. मुलांशी कधीच नाही. लुइझियानाच्या 1921च्या राज्यघटनेने शाळा इंग्रजी केल्या, आणि फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना ‘मी फ्रेंच बोलणार नाही’ असं पानं भरभरून लिहावं लागे. आजींनीही लिहिलं होतं. 1968मध्ये त्याच राज्याने फ्रेंच जपायला सरकारी मंडळ काढलं. तोवर आजींची मुलं मोठी झाली होती.

मला कुणी काही लिहायला लावलं नाही. लेक इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली तेव्हा मी कामात होते, एवढंच.

गम्बोचा रू बेसनाच्या लाडवापर्यंत आला की थांबायचं नसतं. खमंगच्या पुढे आणि करपटच्या अलीकडे एक जागा असते, चॉकलेटच्या रंगाची. तिला मराठीत शब्द सापडलेला नाही मला. आजी नाकाने ओळखायच्या.

काल ह्यूस्टनहून लेकीचा व्हिडिओ कॉल. फोन डब्याला टेकवलेला, हातात उलथनं.

‘‘आई, आता लाडूसारखा वास येतोय. अजून किती वेळ?’’

अख्खं वाक्य मराठीत. मला इथून वास कुठला येणार! तिच्या पातेल्यात कडेने रंग चढायला लागला होता.

‘‘बोलू नकोस,’’ मी म्हटलं, ‘‘ढवळ.’’