करगोट्याची किल्ली

आमच्या आबांच्या करगोट्याला एक लोखंडी किल्ली बांधलेली असे, आणि रात्री अंगणात ते उघड्या अंगाने कुशीवर निजले म्हणजे तिच्या टोचणीने कमरेवर पडलेला काळसर वण कंदिलाच्या उजेडात मला स्पष्ट दिसे. चकलांब्याच्या शिवारात ते सालगडी होते. पाडव्याला साल ठरे: इतके मण ज्वारी, इतके रोख, एक घोंगडी, एक पायताणाचा जोड, आणि एवढ्या बोलीवर, नांगरटीपासून कडब्याची गंजी लागेपर्यंत, त्यांचा प्रत्येक दिवस पुढल्या पाडव्यापर्यंत मालकाच्या स्वाधीन होई.

किल्ली मात्र त्या बोलीतली नव्हती. साल ठरून चार महिने उलटल्यावर मालकांनी विहिरीचा एक मळा नव्याने घेतला, तिथल्या आखाड्याची किल्ली आबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, ‘तुझ्याइतका भरवशाचा दुसरा कोण आहे?’ तेव्हापासून पहाटे मळ्यातली मोट, दिवसभर जुन्या रानातली औते आणि रात्री पुन्हा मळ्याची राखण असा क्रम सुरू झाला. ज्वारी तेवढीच राहिली, रोकडही तेवढीच. आईने एकदा विषय काढला, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, ‘इस्वासानं दिल्याल्या किल्लीचं मोल कसं मागावं?’

या उत्तरात मला पुष्कळ वर्षे केवळ थोरवी दिसली. पुढे वाचनात आले, की गावकीच्या वतनी कामाचीही जात हीच होती: मोबदला परंपरेने ठरलेला आणि काम मात्र निरवधी, रात्री-अपरात्री हुकूम येईल तेव्हा, आणि तेही घरातल्या कोणीही करावे असे. महार वतनदारांची या जाचातून सुटका व्हावी म्हणून १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. आबांनी त्यांचे नाव ऐकले होते. पण आपल्या कमरेच्या किल्लीशी त्या विधेयकाचा काही संबंध असेल, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि मलाही ते फार उशिरा उमगले.

१९७२ च्या दुष्काळात मळ्याची विहीर आटली, मालकांनी बैल विकले आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथे ढिगाला माप लागे, ब्रासवर मजुरी पडे आणि नाव हजेरीपटावर चढे. मजुरी पोटापुरतीही नव्हती, हातांना फोड आले होते. तरी पहिल्या वाटपाच्या दिवशी घरी आल्यावर सुकडीची पुडी आईपुढे ठेवून ते म्हणाले, ‘जितकं फोडलं तितकं लिवलं.’ त्या वेळच्या त्यांच्या चेहऱ्यावरचे विस्मयाचे भाव मी आजही विसरलेलो नाही.

पुढे मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून झालो. शेजारच्या मेजावरचे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि दप्तरखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा ‘तूर्त तुम्ही पाहा, तुमच्यावर भरवसा आहे’ या शब्दांनिशी माझ्या हाती आला. तो शब्द कानी पडताच आबांचा वण डोळ्यांसमोर उभा राहिला; तरीही मी जुडगा घेतला, कारण नकार द्यायला आमच्या घरात कोणी शिकलेच नव्हते. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, १९८१ यांत अतिरिक्त कार्यभाराबद्दल अतिरिक्त वेतनाची तरतूद आहे. पण दोन वर्षांनी मी ती दाखवली, तेव्हा उत्तर मिळाले, की लेखी आदेश नाही, सबब मागणी मान्य करता येत नाही. त्या दिवसापासून मी रोजनिशी ठेवली: तारीख, आवक-जावक क्रमांक, कुलूप उघडल्याची आणि लावल्याची वेळ. सात महिन्यांनी रोजनिशीच्या नकलेसह अर्ज दिला, आणि किल्ल्या परत करायच्या असून त्यांची पोच मिळावी, असेही त्यात लिहिले. आदेश निघाला, परंतु निघाल्या तारखेपासूनचा; मागील रक्कम अखेरपर्यंत मिळाली नाही. त्या रकमेचे दुःख ओसरले आहे, दोन वर्षे तोंड न उघडल्याचे मात्र ओसरलेले नाही.

आता माझी पुतणी एका गावी अंगणवाडी सेविका आहे. १९७५ साली सुरू झालेल्या या योजनेत सेविकेच्या मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. मानाचा उल्लेख आधी आणि धनाचा नंतर, हा क्रम मला आबांच्या मालकाच्या तोंडचा वाटतो. ४ डिसेंबर २०२३ पासून चाललेल्या ५२ दिवसांच्या संपात ती होती. शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीचीही किल्ली तोंडी सांगण्यावरून तिच्याकडे आली आहे. दोन पोषण-नोंदवह्या, दोन चुली, मधली दोन कोस पायपीट. गेल्या आठवड्यात ती अर्जाचा मसुदा घेऊन आली आणि म्हणाली, ‘काका, एवढं शुद्धलेखन बघा.’ शुद्धलेखन निर्दोष होते. हाताच्या जुन्या सवयीने मी खाली ‘कृपा व्हावी ही विनंती’ अशी ओळ जोडली. तिने ती वाचली, लेखणी माझ्या हातून घेतली, तिच्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिले: ‘लेखी आदेश मिळावा.’