हजेरीपटावरची नावं

आमच्या दहावीच्या वर्गात एकूण ४१ जण होतो. २३ मुलगे आणि १८ मुली. बंगळूरच्या हेब्बाळ भागातल्या केंद्रीय विद्यालयातून, म्हणजे त्या वेळच्या बोलीत ‘सेंट्रल स्कूल’मधून, मार्च १९८७ मध्ये आम्ही बोर्डाची परीक्षा दिली आणि देशभर पांगलो. आता इतक्या वर्षांनी सगळ्यांनी एकदा भेटायचं, तेही हेब्बाळलाच, असं ठरलं आहे. दोघा-तिघांनी पुढाकार घेतला, फोनवर गट केला आणि शोधाशोध सुरू झाली. पहिल्या दहा दिवसांत २१ मुलगे सापडले. मुली किती सापडल्या? सहा!

मुलगे सापडणं सोपं होतं. दहावीला जे नाव, तेच आज पाटीवर, तेच बँकेत, तेच फोनच्या यादीत. आडनाव टाकलं की माणूस हजर. मुलींच्या बाबतीत मात्र हजेरीपटावरचं नाव टाकलं की काहीच हाती लागत नव्हतं. त्या नावाची बाई जणू अस्तित्वातच नव्हती.

आमची शाळा तशी बदलीवाल्यांची. केंद्रीय विद्यालयांची योजनाच मुळी बदली होणाऱ्या केंद्र सरकारी आणि सैन्यदलातल्या नोकरदारांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये सुरू झाली. हवाई दलाच्या प्रशिक्षण विभागाचं मुख्यालय हेब्बाळलाच असल्यामुळे वर्गात सगळा हिंदुस्थान भरलेला. तमिळ, बंगाली, पंजाबी, मल्याळी, सिंधी, शिलाँगची एक खासी मुलगी आणि मराठी आम्ही तिघी. दर वर्षी तीन-चार जण ‘टी. सी.’ घेऊन जायचे, तितकेच नवे यायचे. त्यामुळे मैत्री पटकन करायची आणि पत्ता वहीत लिहून घ्यायचा, ही सवय आम्हाला लहानपणीच लागली होती. पण ते पत्तेही क्वार्टर्सचे. दोन-तीन वर्षांत तिथे दुसरंच कुटुंब राहायला आलेलं असायचं.

गटावर आठवणींना जो पूर आला, तो काय सांगावा! त्या काळचं हेब्बाळ म्हणजे बंगळूरचं टोक. मेख्री सर्कल मागे पडलं की शहर संपलं असं वाटायचं. बळ्ळारीकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, कृषी विद्यापीठाची शेतं, पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गुरं आणि पुढे हेब्बाळचा तलाव. सोळाव्या शतकात केंपेगौडांच्या काळात बांधलेला हा तलाव अजून आहे. हिवाळ्यात त्यावर पक्षी उतरायचे. एकाला पक्षी आठवतात, दुसऱ्याला तिथली डबकी, तिसऱ्याला फक्त आपली पाण्यात पडलेली चप्पल!

पेरूंच्या बागेवरून तर गटावर चार दिवस भांडण चाललं. सात जण छातीठोकपणे सांगतात, की रखवालदारानं पकडलं ते त्यांनाच. प्रत्येकाच्या गोष्टीत पळून जाणारे वेगळे, पकडला गेलेला मात्र सांगणारा स्वतः. इतक्या वर्षांनी पकडलं जाणं हाच पराक्रम ठरला आहे.

बी.टी.एस.ची बस, अय्यंगार बेकरीतला तिखट खारा बन, कागदाच्या पुडीतले मसाला लावलेले शेंगदाणे. त्यांना बंगळूरकडे ‘काँग्रेस कडलेकाई’ म्हणतात, का ते आम्ही कधी विचारलं नाही. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या डब्यांना अवरेकाईचा वास. आपला पावटाच तो, पण तिथे त्याचं कौतुक आपल्याकडच्या हापूससारखं. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू बघायला पहाटे गच्चीवर उभे राहिलो, तेव्हा ‘तो बघ, तो बघ’ सगळ्यांनी म्हटलं. आता कबूल झालं, की कुणालाच काही दिसलं नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बंगळूरला सार्क परिषद भरली आणि शहरातले रस्ते एकाएकी चकाचक झाले. ‘एस.यू.पी.डब्ल्यू.’ नावाचा हस्तोद्योगाचा तास असायचा. त्याची फोड पोरांनी ‘सम युजफुल पीरियड्स वेस्टेड’ अशी केली होती. हा विनोद पुढे देशभरातल्या सगळ्या शाळांतून ऐकला, पण तो आमच्याच वर्गात जन्मला असं निदान पाच जण मानतात.

शाळेत चार गट असत : शिवाजी, टागोर, रमण आणि अशोक. गंमत अशी, की आम्ही तिघी मराठी मुली टागोर सदनात, आणि शिवाजी सदनाचा कप्तान एक तमिळ मुलगा. क्रीडादिनाला तो ‘शिवाजी महाराज की’ असं ओरडायचा आणि आमच्या तोंडून आपसूक ‘जय’ निघून जायचं. मग टागोर सदनाची बंगाली मुलगी आमच्याकडे अशी बघायची! घरी आई म्हणायची, ‘‘अगं, शहाजीराजांची जहागीर होती ही. आपण काही परक्या गावात नाही.’’ ते खरंच आहे. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांनी जिंकलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. बसला ‘शिवाजीनगर’ अशी पाटी दिसली की मला उगाच पुण्याला गेल्यासारखं वाटायचं.

पण या सगळ्या आठवणी वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. मुलग्यांना एकमेकांची आडनावं पाठ आहेत, मुलींची नाहीत. ‘ती दोन वेण्यांवाली’, ‘ती पहिल्या बाकावरची’, ‘ती गणितात शंभर काढणारी’. आम्हा मुलींना मुलींची पाळण्यातली नावं पक्की आठवतात, पण आडनावं विचारली तर गडबड. आणि ज्यावरून शोध घ्यायचा ते आडनाव तर कधीच बदलून गेलेलं. माझंच घ्या. माझं नुसतं आडनाव नाही, नावच बदललं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. फोटोतही मी हसते आहे. नाव छान आहे, सासूबाईंनी हौसेनं ठेवलं होतं आणि मी ते आनंदानं वापरते. पण हजेरीपटावरची मुलगी त्या तांदळात बुडाली ती बुडालीच. सिंध्यांमध्येही ही पद्धत आहे. त्यामुळे आमची सिंधी मैत्रीण आणि मी दोघी शेवटपर्यंत कुणाला सापडत नव्हतो.

मला शोधलं ते माझ्या धाकट्या भावावरून. तो आमच्याच शाळेत चार इयत्ता मागे होता. त्याचं नाव तेच, आडनाव तेच. वर्गातल्या एकाला एवढंच आठवलं, की माझा भाऊ लंगडत शाळेत यायचा, कारण त्याला मोठ्या मापाचे बूट घेतलेले असायचे! त्यानं भावाला गाठलं आणि भावानं मला. मग मी गटात गेल्यावर हीच युक्ती पुढे चालवली. मुलींचा पत्ता भावांवरून काढायचा. एकीचा भाऊ विशाखापट्टणमला सापडला, एकीचा दुबईला. पंजाबी मुलीला शोधायला बसलो तर नाव आणि ‘कौर’ एवढंच हाताशी. आणि कौर म्हणजे आपल्याकडे पाटलांचा समुद्र तसं. ती सापडली भावाच्या ट्रकच्या धंद्यावरून. तमिळ मुलींच्या नावामागे आडनाव नसतंच, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. लग्नानंतर त्या जागी पुष्कळदा नवऱ्याचं येतं. एक अक्षर बदललं की संपलं.

शिलाँगची खासी मुलगी मात्र पहिल्याच दिवशी सापडली. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, लग्न झालं म्हणून बाईचं कुळाचं नाव जात नाही. तिला आमची ही धडपड समजेचना. ‘‘पण तुमचं नाव गेलं कुठे?’’ तिनं विचारलं. काय सांगणार? नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे कुठेच नाही. उलट बदलायचं तर प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापा, बँकेत दाखवा, एवढा व्याप. आणि दहावीचं प्रमाणपत्र शेवटपर्यंत जुन्याच नावाचं. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागतं. चांगलंच झालं. पण आईचं नेमकं कोणतं नाव, असा प्रश्न आमच्या गटात एकीनं विचारला, त्यावर मुलग्यांनी हसणारी चित्रं टाकली. आम्ही टाकली नाहीत.

चार महिन्यांनी, मला धरून, चौदा जणींचा ठावठिकाणा लागला. त्यातली एक सात वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली. तिच्या मुलीनं फोन घेतला. आईचं माहेरचं नाव आमच्या तोंडून ऐकून ती आधी गोंधळली. मग म्हणाली, ‘‘मावशी, तिच्याबद्दल जे काही आठवतं ते लिहून पाठवाल? लग्नाआधीची आई मला माहीतच नाही.’’ त्या दिवशी गटावर पेरूचं भांडण बंद झालं. प्रत्येकानं काही ना काही लिहिलं. कुणी तिचं अक्षर, कुणी तिनं प्रार्थनेत घेतलेला वरचा स्वर, कुणी तिनं भूगोलाच्या पेपरला उसना दिलेला पेन. एकूण अकरा पानं झाली. मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातलं खरं काम तेवढंच झालं.

आणि गणितात शंभर काढणारी? तिच्याबद्दल मुलग्यांमध्ये ठाम समजूत होती, की ती अमेरिकेत मोठी शास्त्रज्ञ असणार. ती सोलापूरला निघाली. बारावीनंतर वर्षभरात लग्न झालं, घर मोठं, सासरे कडक. आता घरीच दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. गल्लीत सगळे तिला ‘काकू’ म्हणतात, घरी ‘वहिनी’ नाहीतर ‘आई’. मी फोनवर तिला शाळेतल्या नावानं हाक मारली तर पलीकडे इतका वेळ शांतता, की मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, ‘‘अगं, या नावानं शेवटचं मला बाबांनी हाक मारली होती.’’ येशील का, असं विचारल्यावर तिनं वेगळंच विचारलं, ‘‘छातीवर नावाची पट्टी लावणार असाल ना? माझ्या पट्टीवर काय लिहिणार?’’

यावर गटात खरी चर्चा झाली. मुलग्यांचं म्हणणं सोपं : शाळेतलं नाव लिहा, नाहीतर ओळखणार कसं? बहुतेक जणींना तेच हवं होतं. दोघींनी दोन्ही नावं मागितली. सिंधी मैत्रीण म्हणाली, ‘‘माझ्या नव्या नावानं मी पंचवीस वर्षं दुकान चालवलंय, ते मी घरी ठेवून येणार नाही.’’ आणि एकीनं मला खासगी फोन केला. तिला माहेरचं आडनाव नको होतं. दारू पिऊन आईला मारणाऱ्या बापाचं ते नाव. लग्नात ते सुटलं याचाच तिला सर्वांत मोठा आनंद झाला होता. शाळेतल्या बाकावर ती रोज हसत बसायची, आणि आमच्यापैकी कुणालाही घरचं काही माहीत नव्हतं. तेव्हा माहेरचं नाव म्हणजे आपलं नाव, असं मी तोवर जे धरून चालले होते, ते काही सगळ्यांना लागू नाही. शेवटी ठरलं, की जिनं-त्यानं आपली पट्टी आपल्या हातानं लिहायची. कोऱ्या पट्ट्या आणि पेनं दारातच ठेवायची.

२०१८ मध्ये हेब्बाळला एक जुना वीरगळ सापडला, हे तुम्ही कदाचित वाचलं असेल. इ.स. ७५० च्या सुमाराचा, बंगळूर भागातला सर्वांत जुना कन्नड शिलालेख मानतात त्याला. किट्टय्या नावाचा वीर लढाईत पडला, असं त्यावर कोरलेलं आहे. साडेबाराशे वर्षांनीही त्याचं नाव वाचता येतं. गटावर हे कळल्यावर सोलापूरच्या मैत्रिणीनं लिहिलं, ‘‘किट्टय्याच्या बायकोचं नाव काय होतं गं?’’

आता हेब्बाळ ओळखू येत नाही म्हणतात. २००३ मध्ये मोठा उड्डाणपूल झाला, २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि शहराचं शेपूट होतं ते तोंड झालं. विमानातून उतरून शहराकडे निघालं की पहिली गर्दी हेब्बाळचीच. आम्ही तिघी मराठी मुली मात्र रेल्वेनं जाणार आहोत. सोलापूरची मैत्रीण उद्यान एक्स्प्रेसमध्ये वाटेत चढेल. तिचं तिकीट काढलं आहे. घरी काय सांगितलं, ते मी तिला विचारलं नाही.

अजून चार जणी सापडायच्या आहेत. त्यातल्या एकीला भाऊ नव्हता. दोघी बहिणीच. वडील हवाई दलात, आई संध्याकाळी क्वार्टरच्या व्हरांड्यात वीणा वाजवायची. थोरली आमच्या वर्गात, टागोर सदनात, लांब उडीत दर वर्षी पहिली. डाव्या भुवईवर पडल्याची खूण आहे. धाकटी दोन वर्षं मागे, चष्मेवाली. १९८७ च्या उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली, कुणी म्हणतं जोधपूरला, कुणी म्हणतं तेजपूरला. आज तिचं नाव काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही. वाचकांपैकी कुणाच्या शेजारी, शाळेत, कचेरीत किंवा घरातच अशी कुणी असेल, तर तिला एवढंच विचारावं, की हेब्बाळचं सेंट्रल स्कूल आठवतं का. हो म्हणाली, तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर दोन ओळी कळवाव्यात.