तंजावरचं डांगर

आमच्या काटेवाडीत तुकोबारायांची पालखी येते तेव्हा परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मग पालखीभोवती मेंढ्या धावतात. अशा गावात वाढल्यामुळे मराठी म्हणजे आपल्याच मुलखातली, अशी माझी पक्की समजूत होती. एका सहकाऱ्यानं मला तंजावरला घरी नेलं, तिथं ती मोडली.

"कोठले तुम्ही?" त्याच्या आजीनं विचारलं. हेल तमिळ, शब्द मराठी. १६७६ च्या सुमारास भोसले कुळातल्या व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर मराठी घराणी तिकडं वसत गेली. १८५५ साली राज्य संपलं. माणसं राहिली.

पानात डांगर आलं. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. तिथं त्याला म्हणतात डांगर पचडी. आमची आई ताकात भिजवून कांदा घालायची, पण वास तोच. मी दोनदा मागून घेतलं, तिसऱ्यांदा आजींनी न विचारता वाढलं.

जेवण झाल्यावर त्यांनी अभंगांची वही काढली. तुकोबांचे अभंग, सगळे तमिळ लिपीत. शाळा तमिळ, त्यामुळे आजींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी गायला सुरुवात केली. चाल मला परकी, अभंग तोंडपाठ. तमिळ भजनांत मराठी अभंग आजही गातात. एकोणिसाव्या शतकात तंजावरात कीर्तनं गाजवणारे रामचंद्रबुवा आडनावानं मोरगावकर. मोरगाव तर आमच्याच बारामती तालुक्यातलं! हे मला घरी कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास तिथल्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला आहे. जमेल तेवढा मी मोठ्यानं वाचला. आजींना ऐकवायला म्हणून सहकाऱ्यानं तो फोनवर टिपून घेतला.

परतताना तो म्हणाला, "पुण्यात शिकत होतो तेव्हा माझं मराठी ऐकून मुलं हसायची. मग मी इंग्रजीच बोलायला लागलो."

मला फार लागलं ते. राज्य संपल्यावरही पिढ्यानपिढ्या त्यांनी घरात ही भाषा सांभाळली आणि आपण हसलो. असं कुणी तुम्हाला भेटलं तर त्याचं मराठी सुधारायला जाऊ नका. त्याला बोलू द्या, आणि आपण मराठीतच उत्तर द्या.