उरलेली साठ वर्षं

मिझुरी आणि इलिनॉयमधल्या लहान गावांच्या वर्तमानपत्रांत एखाद्या वयोवृद्ध माजी सैनिकाचा मृत्युलेख वाचायला घेतला की त्याची घडण लगेच ध्यानात येते. जन्मगाव, आईवडील, शाळा. मग कोरियात किंवा युरोपात काढलेली दोन-तीन वर्षं, आणि तेवढ्यावर युद्ध आटोपतं. पुढे लग्नाची तारीख, बायकोचं माहेरचं आडनाव, कारखान्यातली नाहीतर शेतावरची चाळीस वर्षं, चर्च, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा, पोरांचा बेसबॉल संघ, मासेमारी आणि रेडिओवर ऐकलेले सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे सामने. आपल्याकडून आलेल्या माणसाला याचं हसू येतं. लढाईला एक ओळ आणि गळ टाकून बसण्याला दोन? मला मात्र हे प्रमाण बरोबर वाटतं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकन गणवेशात होते आणि त्यांतले बहुतेक सक्तीच्या भरतीनं गेलेले. सैनिकी हा त्यांचा पेशा नव्हता. विशीत आलेला तो एक खंड होता. जगणं त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत झालं, आणि त्या वर्षांची नोंद ठेवणारं कुणी असेल तर तो हा मृत्युलेखच.

सरकार आपल्या परीनं कसूर करत नाही. २००० सालापासून लागू असलेल्या कायद्यानुसार कुटुंबानं मागणी केली तर पात्र माजी सैनिकाच्या अंत्यविधीला किमान दोन गणवेशधारी येतात, ध्वजाची त्रिकोणी घडी घालून ती घरच्यांच्या हाती देतात आणि ‘टॅप्स’ या ब्यूगलच्या धूनचे चोवीस स्वर वाजतात. ब्यूगल वाजवणारे आता पुरत नाहीत. त्यामुळे पुष्कळदा ब्यूगलच्या तोंडात बसवलेलं छोटं यंत्रच धून वाजवतं आणि सैनिक वाद्य नुसतं ओठांशी धरून उभा राहतो. सेंट लुईसच्या दक्षिणेला, मिसिसिपीच्या काठावरच्या जेफरसन बॅरक्स या राष्ट्रीय दफनभूमीत दोन लाखांहून अधिक जण विसावले आहेत. पांढऱ्या शिळेवर नाव, हुद्दा, दल, युद्ध आणि दोन तारखा. पत्नीलाही तिथंच जागा मिळते, पण तिचं नाव बहुधा त्याच शिळेच्या पाठीमागे कोरतात. सरकारी आठवण अशी असते: चोख, सगळ्यांना सारखी, आणि माणसाविषयी जवळजवळ मुकी.

शिवाय ती जळूही शकते. १२ जुलै १९७३ च्या मध्यरात्रीनंतर सेंट लुईसच्या ओव्हरलँड या उपनगरातल्या सैनिकी अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्याला आग लागली. त्या मजल्यावर पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे ८० टक्के त्यात होत्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती. ज्यांनी घरी परतल्यावर आपला डिस्चार्जचा कागद तालुक्याच्या कचेरीसारख्या इथल्या काउंटी कचेरीत नोंदवून ठेवला होता, त्यांचं निभावलं. बाकीच्यांच्या बाबतीत पगारपत्रकं आणि इस्पितळाच्या वह्या जुळवून सेवेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. अशा घरांत कात्रणाच्या चिकटवहीतली ती एक ओळ, कुठलं दल, कुठलं वर्ष, ही भाबडी उरत नाही. ती पुरावा होते.

अशा मृत्युलेखांवरचा पहिला आक्षेप रास्त आहे. हे मजकूर घरच्यांनी लिहिलेले आणि बहुधा पैसे मोजून छापलेले असतात. त्यांत दारू नसते, रात्री ओरडत उठणं नसतं, मुलांशी तुटलेलं बोलणं नसतं. खरं आहे. पण युद्धाच्या मानसिक आघाताला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आजचं नाव मिळालं तेच मुळी १९८० मध्ये. त्याआधीच्या पिढीकडे ‘ते युद्धाबद्दल फारसं बोलत नसत’ एवढंच वाक्य होतं. ते वाचता येणाऱ्याला त्यात पुष्कळ दिसतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: ‘घरदार सांभाळणारा माजी सैनिक’ हे चित्र गोऱ्यांचंच. माजी सैनिकांसाठीच्या १९४४ च्या जी. आय. बिल या कायद्यानं घरासाठी कर्जहमी दिली, पण कर्ज द्यायचं ते बँकांनी, आणि कृष्णवर्णीयांना त्यांनी सर्रास दारातून परत पाठवलं. याच सेंट लुईस शहरातल्या लॅबडी अ‍ॅव्हेन्यूवरचं घर शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबानं घेतलं, तर त्यांना तिथं राहू द्यावं म्हणून १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. म्हणून तर ‘सेंट लुईस अमेरिकन’सारखी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून हे लेख वाचावेत. एकाच युद्धातून परतलेल्या दोघांच्या आयुष्यात ‘घर घेतलं’ हे वाक्य कुठल्या वर्षी येतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

आता आपल्याकडे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी शिळा बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके पडले. साताऱ्याच्या अपशिंग्यात ते ४६ होते. पुष्कळ शिळांवर आकडे आहेत, नावं नाहीत. शंभर वर्षांनी आपल्या निधनवार्तेनं उलट टोक गाठलं आहे: नाव मोठ्या अक्षरांत, आणि पुढे ‘पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ पत्नीला नाव नाही, माणसाला आयुष्य नाही. चौकातल्या फ्लेक्सवर तर श्रद्धांजली देणाऱ्यांचे फोटोच अधिक. कुणी म्हणेल, २०२२ पूर्वी भरती झालेला आपला जवान गेला तो पोटासाठी आणि पंधरा-सतरा वर्षं काढतो. त्याची ओळख सैनिक हीच. पण तो पस्तिशीच्या आसपास घरी येतो. पुढे बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहतो, ऊस लावतो, सोसायटीच्या निवडणुकीत पडतो, मुलींना शिकवतो. ती चाळीस वर्षं कुणाच्या वहीत आहेत? वर्तमानपत्रात जागा महाग हे खरं, पण घरातल्या वहीला दर लागत नाही.

तुमच्या घरात माजी सैनिक असतील तर ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक काढा, त्याच्या दोन प्रती करा, आणि नंतरचं सगळं त्यांनाच विचारून लिहून ठेवा. आजींचं नाव पहिल्या पानावर घाला.